किनेक्ट फसला का? आमच्या कात्रजच्या हॉलमधून एक हिशोब

हा आपल्या एपिसोडचा लेखी अवतार. बसमध्ये हेडफोन विसरलेल्यांसाठी, आणि ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना बरं वाटतं त्यांच्यासाठी. बोलताना झालेलं ‘अं’ आणि ‘म्हणजे’ काढलंय, बाकी बरंचसं तसंच ठेवलंय.

तर झालं असं, की मागच्या महिन्यात घरचा माळा आवरत होतो. जुनी पाठ्यपुस्तकं, फुटका हेल्मेट, आणि त्यांच्या खाली एक लांबट काळी वस्तू. मध्ये तीन गोल भिंगं, खाली छोटासा पाय. आई म्हणाली, “हा तो नाचायचा कॅमेरा ना? टाकू का भंगारात?”

तो होता किनेक्ट. एक्सबॉक्स ३६० ला जोडायचा. मी फोटो काढून शाळेच्या मित्रांच्या ग्रुपवर टाकला आणि विचारलं, विकला तर किती येतील? किंमत कोणीच सांगितली नाही, भांडण मात्र सुरू झालं. एक म्हणाला, “डबा होता तो. फुकट दिला तरी कोणी घेणार नाही.” दुसरा म्हणाला, “आयडिया भारी होती, मशीन फालतू होतं.” तिसऱ्याने लिहिलं, “खरा गेमर कंट्रोलर सोडत नसतो भावा.” मीही त्यांच्यातच होतो. दहावीत असल्यापासून माझं मत एकच, की हातात कंट्रोलर नसेल तर तो गेमच नाही.

मग तोच फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. धाकट्या बहिणीचं उत्तर आलं, “विकू नकोस हां!! माझ्यासाठी तेवढा एकच गेम होता आपल्या घरात.”

या एका वाक्यावर मी थांबलो. आजचा एपिसोड त्यातूनच निघालाय. कंट्रोलर न धरता, फक्त अंग हलवून कन्सोलवर गेम खेळायचा ही कल्पना काय होती, ती चालायची कशी, गेमर लोक तिच्यावर इतके का चिडले, आणि ते चिडणं कितपत बरोबर होतं, हे आज बघू.

आधी थोडा इतिहास

१ जून २००९ ला अमेरिकेत ई३ नावाच्या गेमिंगच्या मेळ्यात मायक्रोसॉफ्टने एक प्रयोग दाखवला. नाव होतं प्रोजेक्ट नाताल. टीव्हीसमोर उभं राहायचं, हात हलवायचा, पडद्यावरचं पात्र तसंच हात हलवणार. घोषणाच अशी होती, की तुम्हीच कंट्रोलर.

कॅमेऱ्यासमोर हातवारे करून खेळणं तोवर अगदी नवीन नव्हतं. सोनीने २००३ मध्येच प्लेस्टेशन २ साठी आयटॉय नावाचा कॅमेरा काढला होता. पण त्याला फक्त सपाट चित्र दिसायचं. तुमचा हात पुढे आला की मागे गेला, हे त्याला कळत नव्हतं. २००६ मध्ये निन्टेन्डोचा वी आला. त्यात रिमोटसारखा कंट्रोलर हातात धरून फिरवायचा होता, आणि तो तुफान चालला. म्हणजे लोकांना अंग हलवून खेळायला आवडतं हे सिद्ध झालं होतं. प्रश्न एवढाच उरला, की हातातली ती काठीही काढून टाकता येईल का?

आपल्याकडेही तेव्हा हीच हवा होती. आयआयटी मुंबईत डिझाइन शिकलेल्या प्रणव मिस्त्रीने २००९ मध्येच म्हैसूरच्या टेड-इंडियात ‘सिक्स्थ सेन्स’ दाखवलं. बोटांना रंगीत टोपणं, गळ्यात छोटा कॅमेरा आणि प्रोजेक्टर, आणि हवेत बोटं फिरवून चाललेलं काम. तो व्हिडिओ आमच्या शाळेत संगणकाच्या तासाला दाखवला होता. त्यानंतर आठवडाभर वर्गातली निम्मी पोरं हवेत बोटं फिरवत फिरत होती.

नोव्हेंबर २०१० मध्ये नाताल ‘किनेक्ट’ या नावाने बाजारात आला. अमेरिकेत दीडशे डॉलर, आणि त्याच महिन्यात भारतात ९,९९० रुपये. पहिल्या ६० दिवसांत ८० लाख किनेक्ट विकले गेले आणि सगळ्यात वेगाने विकलं गेलेलं इलेक्ट्रॉनिक उपकरण म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद झाली. हा आकडा लक्षात ठेवा. ‘डबा’ म्हणणाऱ्यांना तो आधी सांगायचा.

आमच्या घरी तो २०१२ मध्ये आला, मामाकडून, एक्सबॉक्ससकट सेकंडहँड. तेव्हा मी पंधरा वर्षांचा.

तो बघायचा कसा?

हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण यात जादू काहीच नाही, पण डोकं खूप आहे.

रांगोळीचे ठिपके आठवा. सपाट अंगणात ठिपके कसे सरळ रेषेत बसतात. आता समजा ते ठिपके रांगोळीचे नसून प्रकाशाचे आहेत. अंधाऱ्या खोलीत चाळणीतून टॉर्च मारला आणि समोरच्या भिंतीवर ठिपके पडले. तुम्ही टॉर्चच्या थोडं बाजूला उभे आहात. मध्येच एक माणूस येऊन उभा राहिला, तर भिंतीवरचे काही ठिपके आता त्याच्या अंगावर पडतील. आणि तुम्ही बाजूने बघत असल्यामुळे ते ठिपके आधीच्या जागेवरून आडवे सरकलेले दिसतील. माणूस जितका जवळ, तितके ठिपके जास्त सरकणार.

किनेक्ट हेच करायचा. त्या तीन भिंगांपैकी एक अदृश्य ठिपके फेकायचं, इन्फ्रारेड प्रकाशाचे, जे आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत. दुसरं भिंग म्हणजे ते ठिपके बघणारा कॅमेरा. तिसरा साधा रंगीत कॅमेरा. कोणता ठिपका किती सरकला यावरून समोरची प्रत्येक जागा किती लांब आहे हे काढायचं. हे तंत्र प्राइमसेन्स नावाच्या इस्रायली कंपनीचं होतं. त्यातून सेकंदाला ३० वेळा खोलीचं एक असं चित्र तयार व्हायचं, ज्यात रंगाऐवजी अंतर भरलेलं असतं. दिवा बंद असला तरी चालायचं, कारण उजेड त्याचा स्वतःचा होता. उलट संध्याकाळी आमच्या गॅलरीतून ऊन थेट आत आलं की गडबड व्हायची. उन्हातही इन्फ्रारेड असतं, त्यात हे बिचारे ठिपके बुडून जायचे. पडदे लावा, मग खेळा.

आता अंतर कळलं, पण समोर माणूस आहे आणि हा त्याचा कोपर आहे, हे कसं कळणार? इथे मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिजमधल्या संशोधकांचं काम येतं. लहानपणी आपण ‘ओळखा पाहू’ खेळायचो ना? सजीव की निर्जीव, मोठं की छोटं, असे हो-नाहीचे प्रश्न विचारत उत्तरापर्यंत जायचं. त्यांनी चित्रातल्या प्रत्येक ठिकाणासाठी असाच प्रश्नांचा खेळ लावला. तुझ्या जरा वर काही आहे, की थेट मागची भिंत? तुझ्या उजवीकडे अंतर एकदम वाढतंय का? अशा प्रश्नांच्या उत्तरांवरून ते ठिकाण शरीराच्या ३१ भागांपैकी कोणत्या भागाचं, हे ठरायचं. मग त्या भागांवरून २० सांध्यांचा सांगाडा उभा राहायचा. कोणते प्रश्न विचारायचे हे मात्र माणसाने बसून लिहिलेलं नव्हतं. लाखो नमुना-चित्रं देऊन ते संगणकाकडूनच शिकवून घेतलं होतं. आज आपण ज्याला मशीन लर्निंग म्हणतो, ते २०१० मध्ये दिवाणखान्यातल्या खेळण्यात बसलेलं होतं. इंजिनिअर म्हणून मला याचं आजही कौतुक वाटतं.

मग गेमर का चिडले? त्यांची तक्रार तीन भागांत सांगतो.

तक्रार पहिली: जागा

एका खेळाडूसाठी साधारण ६ फूट आणि दोघांसाठी ८ फूट मागे उभं राहा, असं मायक्रोसॉफ्टचं सांगणं होतं. ऐकायला काहीच नाही. आता आमचा हॉल घ्या. वन बीएचके, हॉल १० बाय १२. सुखसागरनगरपासून आंबेगावपर्यंत कोणत्याही जुन्या सोसायटीत जा, फार वेगळं चित्र दिसणार नाही. बाराच्या बाजूने मोजू. टीव्हीचं शोकेस दीड फूट, समोरचा दिवाण तीन फूट. उरले साडेसात फूट. त्यात मध्ये टीपॉय.

किनेक्टची नजर उभ्या दिशेने साधारण ४३ अंश होती. त्रिकोणमिती लावली, तर साडेपाच फुटांचा माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसायला त्याला जवळजवळ ७ फूट मागे जावं लागतं. म्हणजे आमच्या साडेसात फुटांत एक माणूस कसाबसा बसतो, आणि तोही मागच्या दिवाणाला पोटऱ्या टेकवून. दुसरा खेळाडू आला, की एकाचा हात शोकेसला आणि दुसऱ्याचा दाराच्या कडीला.

त्यात घर म्हणजे येणं-जाणं आलंच. मी गेममध्ये नावेतून चाललोय, आणि आई केरसुणी घेऊन समोरून गेली. झालं, किनेक्टला वाटायचं दुसरा खेळाडू आला! नावेत आई. शिवाय त्या किनेक्ट अ‍ॅडव्हेंचर्समध्ये सारख्या उड्या मारायच्या. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. खालच्या काकू दोनदा वर आल्या, तिसऱ्यांदा त्यांनी बेल न वाजवता काठीने छतच ठोकलं.

ही तक्रार फक्त आपली नव्हती. लहान घरांच्या जपानातही लोक हेच म्हणत होते, आणि तिथे किनेक्ट फारसा चाललाच नाही. अंतर कमी करणारी वरून बसवायची भिंगंसुद्धा बाजारात आली होती. यावरून काय ते समजा.

या जागेचा आणखी एक हिशोब मला आमच्याकडच्या गेमिंग पार्लरमध्ये कळला. कॉलेजच्या पोरांनी भरलेली ती जागा, तासावर पैसे. मालकाने हौसेने किनेक्ट लावला आणि थोड्याच दिवसांत काढून टाकला. मी विचारलं तर म्हणाला, “अरे, तेवढ्या जागेत माझ्या चार खुर्च्या बसतात. चार पोरं फिफा खेळतात. हा एकटा माकडउड्या मारणार आणि बाकीचे बघून हसणार. धंदा कसा करू?” त्याची मशीनबद्दल काहीच तक्रार नव्हती. त्याचं म्हणणं चौरस फुटांबद्दल होतं.

तक्रार दुसरी: उशीर

गेमर ज्याला लॅग म्हणतात ती ही गोष्ट. तुम्ही हात हलवला आणि पडद्यावर तो नंतर हलला.

हा उशीर येतो कुठून? कॅमेरा सेकंदाला ३० चित्रं घेतो, म्हणजे एका चित्राला साधारण ३३ मिलिसेकंद. मग त्या चित्रातून अंतर काढा, सांगाडा शोधा, तो गेमला द्या, गेम नवं चित्र काढणार, टीव्ही ते दाखवणार. प्रत्येक टप्प्यावर थोडाथोडा वेळ जातो. एकूण १५० मिलिसेकंद झाले असं धरू.

१५० मिलिसेकंद म्हणजे किती, हे आपल्या भाषेत बघा. १४० किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू गोलंदाजाच्या हातातून फलंदाजापर्यंत यायला साधारण ४५० मिलिसेकंद घेतो. त्यातला एक तृतीयांश वेळ मशीनला तुमचा हात कुठाय हे कळण्यातच गेला. तेवढ्या वेळात चेंडू जवळपास १९ फूट पुढे आलेला असतो. खेळणार कसं?

बटणाचा आणखी एक फायदा असतो, जो मला कोड लिहायला लागल्यावर कळला. बटण एका ठराविक क्षणी दाबलं जातं. दाबलं किंवा नाही दाबलं, तिसरं काही नसतं. हाताच्या हालचालीला असा क्षणच नसतो. मी हात उचलला, तो ठोसा मारायला की डोकं खाजवायला, हे हात बराच पुढे गेल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही, मशीन तर नाहीच. म्हणजे कॅमेरा कितीही वेगवान केला, तरी थोडा उशीर हालचालीच्या स्वभावातच आहे.

म्हणूनच त्याच काळात हातात काहीतरी ठेवणारे मार्ग या बाबतीत बरे ठरले. सोनीने २०१० मध्ये प्लेस्टेशन मूव्ह आणला. हातात दांडा, त्याच्या टोकाला चमकणारा गोळा, कॅमेरा तो गोळा बघणार आणि दांड्याच्या आतले सेन्सर हालचाल मोजणार. वर बटणंही होती. त्याच्यासाठी मुंबईच्या ट्राइन गेम्सने ‘मूव्ह स्ट्रीट क्रिकेट’ हा गल्ली क्रिकेटचा गेम केला. दांडा हाच बॅट. क्रिकेट खेळताना मूठ वळलेली असावी लागते, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

तक्रार तिसरी: रिकामे हात

ही सगळ्यात खोल तक्रार, आणि गेमर मंडळी हीच नीट सांगू शकायची नाहीत. नुसतं म्हणायची, “फील येत नाही.”

बघा, कंट्रोलरवर अंगठ्याने काडी पुढे ढकलली की पात्र चालतं. किनेक्टसमोर पुढे कसं चालणार? खरंच चाललात तर टीव्हीवर आपटाल. म्हणून किनेक्टच्या बऱ्याच गेममध्ये तुम्हाला चालायचंच नसायचं. गाडी, नाव किंवा ट्रॉली आपोआप पुढे जायची, तुम्ही फक्त वाकायचं आणि उडी मारायची. ज्याला मोकळ्या जगात हवं तिकडे भटकायची सवय आहे, त्याला हे रुळावर बसवल्यासारखंच वाटणार.

गाडीचं स्टिअरिंग हवेत धरायचं, म्हणजे दोन्ही हात पुढे ताणून दहा मिनिटं उभं राहायचं. हात भरून येतात. आणि मेनू! एक पर्याय निवडायला हात हवेत धरून ठेवायचा, गोल पूर्ण भरेपर्यंत. कंट्रोलरवर जे टचकन होतं, त्यासाठी इथे ट्रॅफिक हवालदारासारखं उभं राहायचं. शिवाय कंट्रोलर हातात थरथरतो, गोळी लागली की कळतं. हवा थरथरत नाही.

पण इथेच एक गोष्ट सुटते. जिथे हात रिकामेच लागतात, तिथे किनेक्ट मस्त चालायचा. ‘डान्स सेंट्रल’ घ्या. नाचायला हातात काठी कशाला हवी? त्यात गाणं आधीच ठरलेलं, पुढची स्टेप आधीच दिसतेय, त्यामुळे थोडा उशीर झाला तरी गेम तो सांभाळून घेऊ शकतो. ‘फ्रूट निन्जा’ तर तुम्ही सगळ्यांनी फोनवर खेळलाय. तो किनेक्टवर पूर्ण हात फिरवून खेळायला फोनपेक्षा भारी वाटायचा. म्हणजे गेम अंगाचा असेल तर जमायचं, गेम अंगठ्याचा असेल तर फसायचं. आणि आम्हा गेमर लोकांचे बहुतेक आवडते गेम अंगठ्याचे होते.

मग तो गेला का?

२०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन जाहीर केला तेव्हा नवा, जास्त चांगला किनेक्ट प्रत्येक कन्सोलबरोबर घ्यावाच लागणार होता. किंमत ४९९ डॉलर. समोर प्लेस्टेशन ४ होता ३९९ ला. आणि सुरुवातीला असंही सांगितलं गेलं, की किनेक्ट जोडल्याशिवाय कन्सोल चालणारच नाही. म्हणजे दिवाणखान्यात कायम जोडलेला कॅमेरा आणि मायक्रोफोन. नेमक्या त्याच जून महिन्यात स्नोडेनने अमेरिकी सरकारच्या पाळतीची कागदपत्रं बाहेर काढली होती. लोक भडकले. ज्यांना किनेक्ट नको होता, त्यांना १०० डॉलर जास्त देऊन तो घ्यायला लावलं जातंय, असं वाटणं साहजिकच होतं.

ऑगस्टमध्ये कंपनीने जोडण्याची सक्ती मागे घेतली. ९ जून २०१४ पासून किनेक्टशिवायचा एक्सबॉक्स वन ३९९ डॉलरला मिळायला लागला. भारतात तो सप्टेंबर २०१४ मध्ये आला तोच दोन प्रकारांत, साधा ३९,९९० ला आणि किनेक्टसकट ४५,९९० ला. प्रत्येकाकडे किनेक्ट असण्याची खात्री गेली, तसा गेम बनवणाऱ्यांचा रसही गेला. ऑक्टोबर २०१७ मध्ये उत्पादन बंद झाल्याची बातमी आली. तोवर सगळे मिळून साधारण साडेतीन कोटी किनेक्ट विकले गेले होते.

पण तंत्र मेलं नाही. २०१० मध्येच, युरोपात किनेक्ट विक्रीला आला त्याच दिवशी, स्पेनच्या हेक्टर मार्टिनने तो साध्या संगणकावर चालवून दाखवला आणि ३,००० डॉलरचं बक्षीस मिळवलं. त्यानंतर अंतर बघणारा स्वस्त कॅमेरा म्हणून रोबोट बनवणाऱ्यांनी आणि प्रयोगशाळांनी तो उचलून धरला. प्राइमसेन्सला २०१३ मध्ये अ‍ॅपलने विकत घेतलं, आणि २०१७ च्या आयफोन टेनमध्ये चेहरा ओळखण्यासाठी ३० हजार अदृश्य ठिपके आले. म्हणजे आमच्या माळ्यावरच्या वस्तूची नात आज कोणाच्या तरी खिशात आहे. आता तर ठिपकेही लागत नाहीत. गूगलचं मीडियापाइप साध्या फोनच्या कॅमेऱ्यातून शरीरावरचे ३३ बिंदू शोधतं. २०२३ मध्ये नेक्स प्लेग्राउंड नावाचा छोटा कन्सोल आला, तोही कॅमेऱ्यावर, बिनकंट्रोलरचा. म्हणजे हा वाद पुन्हा होणार आहे, तयारीत राहा.

आता बहिणीचं म्हणणं

मी तिला फोन केला. म्हटलं, तुला एवढं काय आवडायचं त्यात? लॅग होता, जागा नव्हती, सगळं खरं ना?

ती म्हणाली, “दादा, कंट्रोलर एकच होता आणि तो कायम तुझ्या हातात. मी मागितला की तू म्हणायचास, ‘थांब, ही लेव्हल होऊ दे.’ ती लेव्हल कधीच व्हायची नाही. झाली तरी मला बटणं कळायची नाहीत, मग तू हसायचास आणि परत काढून घ्यायचास. किनेक्टपुढे नुसतं उभं राहिलं की मी खेळात. काढून काय घेणार होतास, हात?”

मग ती म्हणाली, “आणि आजी आठवते का बोलिंग करताना?”

आठवते ना. आजी आता गावी, भोरला असते. तेव्हा आमच्याकडे होती. कंट्रोलरकडे तिने कधी बघितलंही नव्हतं, टीव्हीचा रिमोटसुद्धा ती माझ्याकडे द्यायची. एका रविवारी बहिणीने तिला किनेक्ट स्पोर्ट्सच्या बोलिंगसमोर उभं केलं. बाजूला हात करून बॉल उचलायचा आणि हात झोकून सोडायचा, एवढंच. साडीमुळे तिचे पाय मशीनला धड कळायचे नाहीत. अंतराच्या चित्रात साडी म्हणजे एकच जाड खांब. पडद्यावरचं पात्र कंबरेखाली वेड्यासारखं लटपटायचं. पण बोलिंगला हात पुरे होता. तिने दुसऱ्याच बॉलला सगळे पिन पाडले, आणि दिवाणावर बसलेल्या बाबांना म्हणाली, “हे तर विटी-दांडूपेक्षा सोपंय.”

त्या वेळी मी काय करत होतो? खरं सांगतो, तोंड वाकडं करून माझी पाळी कधी येते याची वाट बघत होतो. पुढे त्याची वायर काढून माळ्यावर टाकणाराही मीच. कोणाला विचारलं नव्हतं. ‘गेमर लोकांना तो आवडत नाही’ असं इंटरनेटवर सगळीकडे लिहिलेलं होतं आणि घरातला गेमर मी होतो.

आता कळतं, त्या तिन्ही तक्रारी खऱ्या होत्या, आकड्यांत दाखवता येतील इतक्या खऱ्या. चूक मोजणीत होती. ज्याच्या हातात आधीपासून कंट्रोलर आहे, त्याचंच मत गेमरचं मत म्हणून धरलं गेलं. आमच्या घरात खेळू शकणारे पाच जण होते, मी एकालाच मोजत होतो. आणि उलटी चूक मायक्रोसॉफ्टनेही केलीच. ज्यांना तो आवडत होता त्यांच्यासाठी ठेवायचं सोडून, ज्यांना नको होता त्यांच्याही गळ्यात मारला.

तुमच्यासाठी तीन गोष्टी

कॅमेऱ्यावर चालणारा कुठलाही गेम किंवा कन्सोल घ्यायच्या आधी एवढं करा. एक, टेप घ्या आणि टीव्हीपासून दिवाणापर्यंतची मोकळी जागा मोजा. सात-आठ फूट नसेल तर टीपॉय उचलायची तयारी ठेवा. दोन, तुम्हाला कोणते गेम खेळायचेत ते बघा. नाच, व्यायाम, बोलिंग असेल तर मजा आहे. शूटिंग आणि क्रिकेट असेल तर हातात काहीतरी हवंच. तीन, घरात कोण कोण आहे ते बघा, आणि घेण्याआधी त्यांनाही विचारा. फक्त ज्याच्या हातात कंट्रोलर आहे त्याला नको.

आमचा किनेक्ट विकायचा बेत रद्द झालाय. एक्सबॉक्स अजून चालू होतो, फक्त पंखा ट्रॅक्टरसारखा वाजतो. बहीण शनिवारी येतेय. टीपॉय मी आधीच बेडरूममध्ये हलवलाय, आणि खालच्या काकूंना सांगून आलोय.

तुमच्या घरी किनेक्ट, वी किंवा मूव्ह होता का? तो कोण खेळायचं, आणि तो बंद कोणी केला? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. तोपर्यंत, भेटूया.